मिशीतली शेव

रानातली फुलं कातत नाहीत,
असं पाळक कसोटे व्यासपीठावरून सांगू लागले
की अप्पा बाकावर जागा बदलायचे.
लाकूड करकरायचं.
आई त्यांच्याकडे बघायची नाही.

कारण अप्पा कातायचे.
लेमुएल उजागरे, रिंग खातं, टोकन चौदाशे सहा.
तिसऱ्या पाळीहून येऊन
परदेशीपुऱ्यातल्या भिंतीला सायकल टेकवली
की डोक्यावर कापूस, भुवयांवर कापूस.
आम्ही ओरडायचो, म्हातारा आला!
मग नळाखाली वाकून
ते पुन्हा चौतीस वर्षांचे व्हायचे.

एक केस पांढरा किंवा काळा करणं
माणसाच्या हातात नाही, असंही प्रभूनं म्हटलंय.
प्रभूनं आमची मिल पाहिली नव्हती.

मिल बंद झाली त्या सकाळी भोंगा वाजला नाही.
तरी सगळी गल्ली वेळेवर जागी झाली
आणि खाटांवर बसून राहिली.

त्या वर्षीचा उपवासकाळ.
आई शुक्रवार धरायची, कपाळाला पट्टी बांधून,
चौऱ्यांच्या काकूंना भिंतीपलीकडे कळेल
इतक्या मोठ्यानं उसासे टाकत.
अप्पा धरायचे नाहीत. पित्त होतं म्हणायचे.
सकाळी तोंड धुऊन, चमेलीचं तेल चोपडून,
सरळ भांग पाडून निघायचे,
जसं कुणी तिथं वाट बघतंय.
दुपारी परत.
"पानं वाढलीत."
"पाटणीपुऱ्यात पोहे झाले. वर जिलबी. तुम्ही घ्या."
आणि मिशीत खरोखरच
शेवेचा एक कण.

मला फार राग यायचा.
इथे तांदळाची पेज चौघांत
आणि हा माणूस जिलबी खातो.
हे मी एकदा पाळकांना सांगूनही आले.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

अप्पांना चिंता नव्हती असं मी म्हणणार नाही.
त्या पावसाळ्यापर्यंत
त्यांचे कानामागचे केस पांढरे झाले
आणि नळाखाली गेले नाहीत.

अप्पा गेल्यावर, खूप उशिरा,
ट्रंकेच्या तळाशी पत्र्याची डबी सापडली.
घट्ट झाकण, नाण्यानं उचकटावं लागलं.
आत टोकन.
आणि कागदात शेव, खवट, गंजाच्या रंगाची.
एका माणसाचं पोट भरेल एवढी नाही.
मिशीला पुरेल एवढी.

आई म्हणाली, झाकण लाव.
दुसरं काही म्हणाली नाही.

गुप्तात पाहणारा एक पिता आहे म्हणतात.
आमच्याकडे गुप्तात न जेवणारा होता.
दोघांची भेट कुठे होत असेल?
मिलच्या बंद फाटकापाशी, साडेबाराच्या उन्हात,
की नेहरू पार्कातल्या बाकावर,
जिथे बसून तो वेळ काढत असेल
आणि चिमण्यांना द्यायलाही काही नसेल?

मी आता त्यांच्याहून मोठी आहे वयानं.
चिंता उद्यावर टाकावी, हे मला पाठ आहे.
टाकते. पण माझा उद्या
रात्री बारालाच सुरू होतो.
पोराची फी, आईचा गुडघा,
मिलच्या देण्याची फाईल, तिची नवी तारीख.
दोनच्या सुमारास उठून पाणी पिते.
उंची हातभर वाढत नाही.
कमीही होत नाही, हे एक बरं.

आणि शुक्रवार धरते तेव्हा
चहाचा ट्रे माझ्या टेबलापर्यंत यायच्या आत
माझा आज उपास आहे हो, म्हणून सांगते.
कपाळाला पट्टी नाही, एवढंच.

उद्या शुक्रवार.
चमेलीची बाटली खिडकीत काढून ठेवलीय.
बोऱ्हाडे विचारतील, मॅडम, पोहे?
म्हणेन, झाले.
खोटं बोलण्याचं काय ते
रविवारी बघून घेईन.